एका वाद्यवृंदाचा पूर्वदेशप्रवास (इ. स. १९६३) व त्याच्या संगीताचीं हस्तलिखितें

सनदा, महजर, बखरी व पोथ्या यांच्या विवेचनास सरावलेल्या वाचकांस प्रस्तुत लेखाचा विषय प्रथमदर्शनीं अस्थानीं वाटेल. एक अमेरिकन जाझ-वाद्यवृंद साठ वर्षांपूर्वीं आशियाखंडांत फिरून गेला, त्याच्याशीं इतिहाससंशोधकांस काय कर्तव्य, असा आक्षेप येईल हें आम्ही जाणून आहों. परंतु त्या प्रवासाचें फळ म्हणून जी संगीतकृति जगभर गाजली, तिच्या कागदांत कर्तृत्व, काल व शीर्षक यांविषयीं जे प्रश्न उभे राहतात, ते जुन्या पोथीच्या संपादकास नित्य भेटणारेच आहेत. त्यांपैकीं सर्वांत महत्त्वाचा प्रश्न सुटला तो कोणाच्या आठवणींवरून नव्हे, छापील मथळ्यावरून तर नव्हेच. तो सुटला हस्ताक्षरावरून. एवढ्याकरितांच हा विषय येथें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम 'बिग बँड' म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. हा सुमारें पंधरा वादकांचा वृंद असतो. त्यांत चार गट असतात: ट्रंपेटचा, ट्राँबोनचा, सॅक्सोफोनचा (यांतील कांहीं वादक क्लॅरिनेटही वाजवितात), आणि पियानो, बास व ड्रम मिळून होणारा तालाचा गट. चारपांच वादक असले तर ते एकमेकांचा अंदाज घेऊन वाजवूं शकतात. पंधरांस तें साधत नाहीं. म्हणून रचना आधीं लिहावी लागते व प्रत्येक वादकापुढें त्याचें त्याचें पान ठेवावें लागतें. तथापि त्या पानांवर सर्वच लिहिलेलें असतें असें नाहीं. मधून मधून जागा मोकळी सोडलेली असते. तेथें केवळ स्वरसंघांचीं अक्षरें असतात आणि एखादा वादक उभा राहून आपल्या बुद्धीनें उपज करतो. आपल्याकडील गवयाच्या वहींत बंदिश सांपडते, मैफल सांपडत नाहीं. तद्वतच या वृंदाच्या पानांत रचना सांपडते, वादन सांपडत नाहीं. वादनासाठीं ध्वनिमुद्रिकेकडेच जावें लागतें. म्हणजे एकाच कृतीचे दोन साक्षीदार झाले, आणि दोघांची साक्ष नेहमीं जुळतेच असें नाहीं.

प्रस्तुत वृंदाचे नायक एडवर्ड केनेडी ऊर्फ ड्यूक एलिंग्टन (१८९९–१९७४) हे होत. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापासून मृत्यूपर्यंत, सुमारें पन्नास वर्षें, त्यांनीं आपला वृंद चालविला. इ. स. १९३३ सालीं तो वृंद प्रथम इंग्लंडांत गेला, व तेव्हांपासून परदेशगमन हा त्याच्या जीवनक्रमाचा भागच झाला. इ. स. १९३९ सालीं बिली स्ट्रेहॉर्न (१९१५–१९६७) नांवाचे तरुण रचनाकार एलिंग्टन यांस येऊन मिळाले. पुढील अठ्ठावीस वर्षांपैकीं बहुतेक काळ ते वृंदासाठीं रचना करीत, दुसऱ्यांच्या गतींची वाद्ययोजना लिहीत, प्रसंगीं पियानोवरही बसत. परंतु वृंद एलिंग्टन यांचा, जाहिरातींत नांव एलिंग्टन यांचें, श्रोत्यांच्या मनांतही एलिंग्टन यांचेंच. इ. स. १९४१ मध्यें ध्वनिमुद्रित झालेली 'टेक द ए ट्रेन' ही गत या वृंदाची ओळखीची खूण बनली. ती स्ट्रेहॉर्न यांची आहे हें आजही पुष्कळ रसिकांस सांगावें लागतें. हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, कारण पुढील सर्व विवेचन त्याच्याभोंवतींच फिरणार आहे.

आतां प्रवासाकडे वळूं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका व सोव्हिएट रशिया यांच्यांत जें शीतयुद्ध सुरू झालें, त्यांत सैन्य व द्रव्य यांबरोबर कलेचाही उपयोग करण्यांत आला. अध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या कारकीर्दींत, इ. स. १९५४ पासून, अमेरिकन सरकार आपल्या खर्चानें कलावंतांस परदेशीं पाठवूं लागलें. या योजनेखालीं गेलेला पहिला जाझ-वृंद डिझी गिलेस्पी यांचा; तो इ. स. १९५६ मध्यें इराण, पाकिस्तान, तुर्कस्तान, युगोस्लाव्हिया वगैरे देशांत फिरला. इ. स. १९६२ सालीं बेनी गुडमन यांचा वृंद खुद्द सोव्हिएट रशियांत जाऊन आला. त्याच्या पुढल्या वर्षीं एलिंग्टन यांची पाळी आली.

या सरकारी कृपेंत एक मोठी विसंगति होती. ज्या वादकांस राष्ट्राचें भूषण म्हणून मिरविण्यांत येई, त्यांतील बहुतेकांस स्वदेशाच्या दक्षिण भागांत गोऱ्या लोकांच्या उपाहारगृहांत बसण्याची मोकळीक नव्हती. वृंदाचा प्रवास नुकताच सुरू झाला असतां, १५ सप्टेंबर १९६३ रोजीं, अलाबामा संस्थानांतील बर्मिंगहॅम येथें कृष्णवर्णीयांच्या प्रार्थनामंदिरांत बाँबस्फोट होऊन चार मुली मृत्यु पावल्या. गांवोगांवचे वार्ताहर एलिंग्टन यांस संगीताइतकेंच वर्णभेदाविषयीं विचारीत, व त्यांस तोलून मापून उत्तरें द्यावीं लागत. म्हणून या दौऱ्याविषयींचे सरकारी अहवाल वाचतांना सावधगिरी बाळगली पाहिजे. त्या खात्याचीं बरींच कागदपत्रें आज आर्कान्सा विद्यापीठाच्या ग्रंथालयांत आहेत व तीं बहुमोल आहेत. पण अहवाल लिहिणारा अधिकारी दौऱ्याचें यश मोजावयास बसलेला असतो, हें विसरतां कामा नये. दरबारच्या वकिलानें धन्यास पाठविलेल्या पत्राचें जें मोल आणि जी मर्यादा, तींच याचींही.

सप्टेंबर १९६३ मध्यें दमास्कस येथून हा प्रवास सुरू झाला. तेथून अम्मान, जेरुसलेम व काबूल हीं शहरें करून वृंद दिल्लीस आला. दिल्लींत एलिंग्टन आजारी पडले व त्यांस रुग्णालयांत राहावें लागलें. त्या अवधींत वृंद पुढें गेला आणि पियानोची जागा स्ट्रेहॉर्न यांनीं सांभाळली. हिंदुस्थानांत दिल्लीखेरीज हैदराबाद, बंगलोर, मद्रास, मुंबई व कलकत्ता या शहरीं कार्यक्रम झाले. याशिवाय सिंहलद्वीप, तत्कालीन पाकिस्तानचे दोन्ही भाग, इराण, इराक व लेबनॉन हे देशही या प्रवासांत आले. नोव्हेंबरांत वृंद बगदादेस असतां तेथें बंड होऊन विमानांनीं राजवाड्यावर हल्ला केला. शेवटीं वृंद अंकारा येथें असतां, २२ नोव्हेंबर १९६३ रोजीं, अध्यक्ष केनेडी यांचा खून झाला, व दौऱ्याचा उरलेला भाग रद्द करून सर्व मंडळी स्वदेशीं परतली.

इ. स. १९६४ च्या आरंभीं इंग्लंडांत या वृंदानें 'पूर्वेकडील ठसे' अशा अर्थाच्या नांवाखालीं चार गती वाजविल्या. पुढें त्यांत भर पडून नऊ गतींची एक माला झाली. ती डिसेंबर १९६६ मध्यें न्यूयॉर्क येथें ध्वनिमुद्रित होऊन इ. स. १९६७ सालीं 'फार ईस्ट स्वीट', म्हणजे 'अतिपूर्वेची माला', या नांवानें प्रसिद्ध झाली. तिला ग्रॅमी पारितोषिकही मिळालें. नऊ गतींच्या रचनाकारांच्या जागीं, शेवटचीचा अपवाद सोडल्यास, एलिंग्टन व स्ट्रेहॉर्न या दोघांचीं नांवें जोडीनें छापलेलीं आढळतात. वरवर पाहतां सर्व स्वच्छ आहे: तीन महिन्यांचा प्रवास, त्याचे मनावर उमटलेले ठसे, व त्यांतून निघालेलें संगीत. आतां एकेक धागा ओढून पाहूं.

पहिला प्रश्न शीर्षकाचा. दमास्कस, आग्रा, इस्फहान, लेबनॉन, यांपैकीं एकही स्थळ भूगोलवेत्ते ज्यास अतिपूर्व म्हणतात त्यांत येत नाहीं. तीं पश्चिम व दक्षिण आशियांतील आहेत. खऱ्या अतिपूर्वेची म्हणावी अशी एकच गत मालेंत आहे. ती निप्पोन, म्हणजे जपान, या नांवाची शेवटची गत. परंतु १९६३ च्या प्रवासांत वृंद जपानांत गेलाच नव्हता. ती गत १९६४ च्या निराळ्या जपान-दौऱ्यांतून आली. एका पोथींत दुसऱ्या पोथीचीं चार पानें शिवलेलीं सांपडावीं आणि पुष्पिकेंत मात्र एकच नांव असावें, तसाच हा प्रकार झाला. जो केवळ मथळ्यावरून प्रवासाचा मार्ग आंखूं जाईल तो एलिंग्टन यांस टोकियोमार्गें दमास्कसला नेईल.

दुसऱ्या गतीचें शीर्षक 'दिल्लीचा नीलपक्षी' असें आहे, आणि कंसांत 'मैना' असा शब्द आहे. एलिंग्टन यांची हकीकत अशी कीं, दिल्लींत स्ट्रेहॉर्न यांच्या मुक्कामीं एक पक्षी तीच ती स्वरावली पुन्हां पुन्हां गात असे. जिमी हॅमिल्टन यांच्या क्लॅरिनेटमधून ती आपणांस ऐकूं येते. आतां मैना निळी नसते हें आपल्याकडील पोरसुद्धां सांगेल. परंतु येथें मथळा चुकला तरी कंसांतील शब्दानें खरा पक्षी हातीं लागतो. टीपकारानें समासांत लिहिलेला एक शब्द कधीं कधीं मूळ ओळीपेक्षां अधिक सांगून जातो, याचें हें लहानसें उदाहरण होय.

तिसरा प्रश्न सर्वांत मोठा, आणि त्या बाबतींत आम्ही स्वतः चुकलों आहों हें प्रथमच कबूल करतों. मालेंतील तिसऱ्या गतीचें नांव 'इस्फहान'. ती जॉनी हॉजेस यांच्या सॅक्सोफोनवरील संथ व अत्यंत मधुर गत आहे. कांहीं वर्षांपूर्वीं एका स्नेह्यांच्या घरीं ती ऐकतांना आम्हीं जमलेल्या मंडळींस मोठ्या आत्मविश्वासानें सांगितलें कीं, स्वर वरून खालीं कसा वळतो तो पाहा. इस्फहानच्या मशिदींचे निळे घुमट पाहिल्याखेरीज ही वळणें सुचणें शक्य नाहीं. मंडळींनीं माना डोलविल्या. पुढें आम्हांस कळलें कीं, ही गत स्ट्रेहॉर्न यांनीं दौऱ्यास निघण्यापूर्वींच लिहिली होती, आणि त्यांच्या हस्तलिखितावर तिचें नांव 'एल्फ' असें आहे. एल्फ म्हणजे पाश्चात्य लोककथांतील वनांत राहणारा चिमुकला यक्ष. इस्फहान शहराचा तिच्या जन्माशीं कांहींएक संबंध नव्हता. आम्हीं जे घुमट ऐकले ते मथळ्यांतून ऐकले होते, स्वरांतून नव्हे.

हें कळलें कसें? एलिंग्टन यांच्या पश्चात् त्यांचा प्रचंड दप्तरसंग्रह इ. स. १९८८ मध्यें वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेकडे आला. स्ट्रेहॉर्न यांचे कागद त्यांच्या आप्तांपाशीं जपून राहिले होते, ते इ. स. २०१८ मध्यें अमेरिकेच्या काँग्रेस-ग्रंथालयानें घेतले. या दोन्ही ठिकाणच्या कागदांचा तौलनिक अभ्यास वॉल्टर व्हान द लर या डच संशोधकांनीं अनेक वर्षें केला व त्याचा निष्कर्ष इ. स. २००२ मध्यें ग्रंथरूपानें मांडला. त्यांची पद्धति आपल्या वाचकांस परकी वाटणार नाहीं. या दप्तरांत मुख्यतः तीन प्रकारचे हात दिसतात. एक एलिंग्टन यांचा, दुसरा स्ट्रेहॉर्न यांचा, आणि तिसरा प्रतिलेखकाचा. टॉम व्हेली यांनीं हें नकलनविशीचें काम दीर्घकाल केलें. रचनाकार आंखीव कागदावर थोडक्यांत खर्डा लिही. त्यावरून प्रतिलेखक प्रत्येक वादकाचें पान तयार करी. वादकापुढील पानावर अर्थातच प्रतिलेखकाचें अक्षर असावयाचें, व त्यावरून कर्तृत्व ठरत नाहीं. खर्ड्यापर्यंत जावें तेव्हांच कर्त्याचा हात भेटतो. स्ट्रेहॉर्न यांचें स्वरलेखन आणि एलिंग्टन यांचें स्वरलेखन यांच्या वळणांत स्पष्ट भेद आहे, आणि एकदां डोळा सरावला कीं दोघांचीं पानें निरनिराळीं काढतां येतात.

पेशवे दप्तरांतील कोणतेंही पत्र घ्या. मायना एकाच्या नांवाचा, मजकूर कारकुनाच्या अक्षराचा, शेवटची ओळ तेवढी कधीं धन्याच्या हातची, आणि शिक्का तिसऱ्याच्या हातून उठलेला. पत्र 'कोणाचें' या प्रश्नास येथें एक उत्तर नसतें. मसुदा कोणाचा, अक्षर कोणाचें, आज्ञा कोणाची, असे तीन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात. एलिंग्टन यांच्या वृंदाविषयीं दीर्घकाल हे तीन प्रश्न एकत्र कालविले गेले होते. दोघे मिळून एकाच पानावर लिहीत, त्यांचीं मनें इतकीं एकरूप होतीं कीं कोणता स्वर कोणाचा हें त्यांचें त्यांसही सांगतां येत नसे, अशी एक गोड दंतकथा रूढ होती. हस्तलिखितांनीं ती बऱ्याच अंशीं खोटी ठरविली. बहुधा एक गत एकाच्याच हातची निघते. दंतकथा गोड होती खरी, पण तिचा भुर्दंड एकालाच पडे. कारण जेथें भेद करतां येत नाहीं तेथें सर्व श्रेय मोठ्या नांवाकडे वाहत जातें. आपल्याकडे नाहीं का आद्य शंकराचार्यांच्या नांवावर कितीएक स्तोत्रें चढलीं? त्या स्तोत्रांच्या खऱ्या कर्त्यांची निदान नांवनिशाणीही उरली नाहीं. स्ट्रेहॉर्न यांचे कागद उरले, एवढेंच त्यांचें दैव. माला प्रसिद्ध झाली त्याच वर्षीं, ३१ मे १९६७ रोजीं, ते मृत्यु पावले; स्वतःचा दावा सांगण्यास ते नव्हते, आणि हयात असतांना तो सांगण्याचा त्यांचा स्वभावही नव्हता.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील कीं मालेचा प्रवासाशीं संबंधच खोटा आहे. तो उलट बाजूचा अतिरेक होईल. 'डेप्क' ही गत घ्या: शाम व जॉर्डन या भागांत 'दब्के' नांवाचें समूहनृत्य आहे, त्या शब्दाचाच हा अपभ्रंश असें अभ्यासक मानतात, आणि एलिंग्टन यांनींही आपण पाहिलेल्या नृत्याशीं तिचा संबंध जोडला आहे. 'मौंट हरिसा' हें नांव लेबनॉनांतील मेरीमातेच्या डोंगरावरील देवस्थानावरून आलें आहे. 'आग्रा' या गतींत हॅरी कार्नी यांच्या खर्जांतील सॅक्सोफोनचा धीरगंभीर नाद योजिला आहे. शिवाय एलिंग्टन यांनीं स्वतः सांगितलें आहे कीं, ऐकलेल्या संगीताची नक्कल करण्याची आपली इच्छा नव्हती. तें आंत मुरूं द्यावें, मग जें बाहेर येईल तें लिहावें, असा त्यांचा विचार होता. तेव्हां या मालेंत आपल्या रागांचे वा अरबी मकामांचे तुकडे शोधणारा बहुधा निराश होईल, आणि तो दोष मालेचा नव्हे.

'इस्फहान' हें नांवही बनावट म्हणतां येत नाहीं, कारण तें परक्यानें चिकटविलेलें नसून वृंदाच्या धुरीणांनींच दिलेलें आहे. वृंद इस्फहानेस गेला होता, हेंही खरें. म्हणून योग्य विधान इतकेंच: गतीचा पाठ दौऱ्यापूर्वींचा, शीर्षक दौऱ्यानंतरचें, दोन्ही अस्सल, परंतु दोहोंचा काल निराळा. शीर्षक हा शीर्षक देण्याच्या क्षणाचा पुरावा आहे, रचनेच्या क्षणाचा नव्हे. पोथीच्या पुष्पिकेंतील शक हा नकलेचा कीं ग्रंथाचा, हा प्रश्न आम्ही प्रत्येक पोथीपुढें विचारतों. छापील वा मुद्रित वस्तु पुढें आली कीं तो विचारावयाचें विसरतों.

या विषयाचा आपल्या प्रांताशीं जो खरा संबंध आहे तोही सांगितला पाहिजे. एलिंग्टन मुंबईस आले तेव्हां जाझ येथें नवीन नव्हतें. इ. स. १९३५ सालीं लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत वाजवीत होता. त्याच्या मागून आलेले पियानोवादक टेडी वेदरफोर्ड इ. स. १९४५ मध्यें कलकत्त्यांतच कॉलऱ्यानें वारले. गोमंतकांतील देवळांच्या, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनामंदिरांच्या, शाळांतून पाश्चात्य स्वरलेखन शिकून आलेल्या वादकांनीं हें संगीत उचललें. ट्रंपेटवादक चिक चॉकलेट हे त्यांपैकीं प्रसिद्ध होत. कागदावरचे स्वर वाचणारे हेच वादक पुढें हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांचा कणा बनले. अर्थात् मुंबई-गोव्याच्या जुन्या पेट्यांत अशा स्वरलिखित पानांचे गठ्ठे सांपडणें मुळींच अशक्य नाहीं.

येथें संग्राहकांस एक इशारा द्यावासा वाटतो. एलिंग्टन यांच्या वृंदांत पॉल गोन्साल्विस नांवाचे सॅक्सोफोनवादक होते. आडनांव पाहून आपल्याकडील कोणीही त्यांस साष्टीचे ठरवील. परंतु ते अमेरिकेंत जन्मले, व त्यांचें घराणें आफ्रिकेच्या पश्चिमेकडील केप व्हर्ड बेटांतून आलेलें होतें. पोर्तुगीज राज्याच्या दोन टोकांस एकच आडनांव रुजलें, एवढाच याचा अर्थ. शीर्षकावरून रचनेचा जन्म ठरवूं नये, तसा आडनांवावरून माणसाचाही ठरवूं नये.

दुसरी गोष्ट पानांविषयीं. एलिंग्टन आपल्या कागदांवर पुष्कळदां वाद्याचें नांव न लिहितां वादकाचें किंवा त्याचें टोपणनांव लिहीत. हॉजेस यांस मंडळी 'रॅबिट', म्हणजे ससा, म्हणत. म्हणून त्यांच्या पानावर 'रॅब' एवढींच अक्षरें असावयाचीं. अशा पानावर 'कर्ता : रॅब' असें लेबल लागणें किती सोपें आहे हें सांगावयास नको. येथील गठ्ठ्यांतही अशीं टोपणनांवें आढळतील. म्हणून आमची विनंति अशी: गठ्ठा मिळाल्यास पानें सुटीं करून वांटूं नयेत; एका वादकाचें पान एकटें मुकें असतें, सर्व पानें मिळूनच गत बोलते. मागील बाजूस पेन्सिलीनें लिहिलेला हिशेब, गाडीची वेळ, हॉटेलचें नांव हें पुसूं नये. तारीख बहुधा तेथूनच मिळते. खोडलेलें नांव नव्या नांवाइतकेंच जपावें. 'एल्फ' हा शब्द कोणी नीटनेटकेपणासाठीं खरडून काढला असता, तर आमचे घुमट आजही उभे राहिले असते व एका माणसाच्या कर्तृत्वाचा पुरावा नाहींसा झाला असता.

असो. दौरा संपला, वादक बहुतेक सर्व काळाच्या पडद्याआड गेले, आणि ज्या राजकारणासाठीं तो काढला तेंही इतिहासजमा झालें. उरले ते कागद. त्यांनींच सांगितलें कीं कोणतें पान कोणाच्या हातचें. ही साक्ष ऐकूं येण्यासाठीं पान जपणारा कोणी तरी असावा लागतो. ज्ञात्या संग्राहकांनीं आपापल्या पेट्या या दृष्टीनें एकवार उघडून पाहाव्या, एवढीच आमची विनंति आहे.